परसबागेतला वाल आणि पावटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, अंगणात किंवा घरामागच्या वाफ्यात वाल-पावटा लावणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तरात दुसऱ्याचा हवाला बऱ्याचदा येतो. निम्म्याहून अधिक लोकांची तक्रार एकच असते: वेल आहे, पण शेंग नाही. तुमचंही तेच असेल तर थेट प्रश्न ११ वाचा आणि मग मागे या.

१. वाल, पावटा, घेवडा, वालपापडी ही एकच भाजी की वेगवेगळ्या?

वनस्पती एकच, शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. शेकडो वर्षं गावोगावी निवडून जपलेले तिचे प्रकार मात्र भरपूर आहेत. कोकणात कडवा वाल म्हणतात तो लहान, तपकिरी, किंचित कडसर दाण्याचा. बिरडं आणि डाळिंब्यांची उसळ त्याचीच. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे पावटा म्हटला की हिरवा कोवळा दाणा डोळ्यासमोर येतो. शेंग सालीसकट खायची असेल तर वालपापडी. घेवडा या नावाने मात्र गोंधळ होतो. पुष्कळ घरांत वालाच्याच चपट्या शेंगेला घेवडा म्हणतात, पण श्रावण घेवडा म्हणजे फरसबी, आणि ते वेगळं झाड आहे. तिची लागवड, हंगाम, रोग सगळं वेगळं. म्हणून बी मागताना नावावर न जाता शेंगेचा फोटो किंवा दाणा बघून घ्या.

२. बियांच्या पाकिटावर 'ब्रॉड बीन्स' लिहिलंय. हा पावटाच ना?

दाणा पाहा. आपल्याकडे वालपापडीच्या पाकिटावरही सर्रास हे नाव छापतात. वालाच्या दाण्याच्या एका कडेवर पांढरी, उठावदार, लांबट रेघ असते. ती दिसली की ओळख पक्की. खरा ब्रॉड बीन म्हणजे बाकला. त्याचा दाणा मोठा, चपटा, अंगठ्याच्या नखाएवढा. झाड सरळ उभं, चौकोनी खोडाचं, आणि फूल पांढरं, त्यावर काळा ठिपका. बाकला वेलासारखा चढत नाही. त्याला थंडी लागते. नाशिक, पुणे किंवा महाबळेश्वरच्या बाजूला ऑक्टोबरअखेर पेरून हिवाळ्यात थोड्या शेंगा मिळू शकतात. फेब्रुवारीत ऊन तापलं की फुलं गळतात आणि खेळ आटोपतो. मुंबई-कोकणात त्याच्या नादी लागू नका.

३. पेरायचं नेमकं कधी?

वेलाचा गावठी वाल पारंपरिकपणे मृगाच्या पावसावर, जून-जुलैत टोकतात. जागा मोठी असेल आणि मांडव भक्कम असेल तर तसंच करा. गच्चीवर किंवा लहान अंगणात मात्र मी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य सुचवेन. जूनमध्ये पेरा की ऑगस्टअखेर, गावठी वेलाला फुलं जवळपास एकाच सुमाराला लागतात (का, ते प्रश्न ११ मध्ये). उशिरा पेरलेला वेल आकाराने आटोपशीर राहतो, मुसळधार पावसातल्या मुळकुजीतून वाचतो आणि कुंडीला झेपतो. शेंगा एकूण कमी मिळतील, हे खरं. पण कुंडीतल्या थकलेल्या अजस्र वेलापेक्षा ताजातवाना मध्यम वेल चांगला.

कोकणातला कडवा वाल ही वेगळी रीत आहे. भात कापून झालं की नोव्हेंबरच्या सुमाराला त्याच खाचरात, जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर आणि पुढे पडणाऱ्या दवावर तो वाढतो. झाड लहान राहतं, मांडव लागत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाल तयार होतात. घराजवळ भाताचं खाचर किंवा ओल धरणारी जमीन असेल तर हा प्रकार जरूर करून पाहा. पाणी घालण्याचं कामच उरत नाही.

झुडपी जातींना हे बंधन कमी. त्याबद्दल पुढचं उत्तर पाहा.

४. वेलाचा घ्यावा की झुडपी? कोणती जात चांगली?

बाल्कनी असेल तर झुडपी, अंगण किंवा गच्ची असेल तर वेलाचा. झुडपी जातींमध्ये दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण भूषण' आणि बंगळूरुच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या 'अर्का जय' व 'अर्का विजय' या माहितीतल्या जाती आहेत. या बुटक्या राहतात, दिवस लहान होण्याची वाट पाहत नाहीत आणि पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत शेंग देऊ लागतात. त्यांचा बहर एकदम येतो आणि लवकर संपतो. म्हणून सगळं बी एकाच दिवशी न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा.

चव हवी असेल तर मी निःसंकोच गावठी वेलाच्या बाजूने आहे. शेजारच्या गावातल्या एखाद्या आजींकडे जपलेलं बी असेल तर ते मूठभर मागून आणा. तुमच्या हवेला सरावलेलं बी दुकानात मिळत नाही.

५. किराणा दुकानातून आणलेले वाल पेरले तर उगवतील का?

उगवतात, जर ते अख्खे असतील, नवे असतील आणि भोक पडलेले नसतील. सोललेले वाल किंवा डाळ उगवणार नाही. दहा दाणे ओल्या कापडात बांधून पाहा. सात-आठांना मोड आले तर पेरायला हरकत नाही. अडचण एवढीच की वेल किती वाढेल, शेंग कोवळेपणी खाण्यासारखी असेल की नुसती दाण्याची, हे आधी कळत नाही. कडवे वाल पेरले तर शेंगेची भाजी करायची आशा धरू नका, तो दाण्यासाठीच आहे.

६. कुंडीत येतो का? किती मोठी कुंडी लागेल?

येतो. झुडपी जातीला बारा-चौदा इंची कुंडी आणि त्यात दोन रोपं. वेलाला किमान अठरा इंची कुंडी किंवा चाळीस-पन्नास लिटरचा ड्रम, आणि त्यात एक, फार तर दोन वेल. वालाचं मूळ खोल जातं, म्हणून उथळ ट्रे चालत नाही. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत पानं येतील, शेंगा नाहीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि समोरच्या इमारतीची सावली लांबते, तेव्हा जागा ठरवताना आजचं ऊन न पाहता डिसेंबरमधलं ऊन कुठे पडेल ते पाहा.

७. बी भिजवून लावावं का? माझं बी मातीतच कुजतं.

चार-सहा तास भिजवलं तर पुरे. रात्रभर पाण्यात ठेवलेलं बी फुगून सालीला तडे जातात आणि ओल्या मातीत त्याला बुरशी लागते. बहुधा तेच तुमच्याकडे होत असावं. दोन-तीन सेंटिमीटर खोल टोका, एकदाच नीट पाणी द्या आणि कोंब वर येईपर्यंत वरची माती नुसती ओलसर ठेवा. पाच ते आठ दिवसांत उगवण होते. पावसाळ्यात पेरताना बी भिजवूच नका. एका जागी दोन-तीन दाणे टोकून सगळ्यात जोमदार रोप ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे राहिलेल्या रोपाचं मूळ हलत नाही.

अंतर: झुडपी रोपांत एक ते दीड फूट, वेलांत तीन फूट.

८. मांडव कसा करावा?

वालाला दोडक्यासारखे ताणे नसतात. तो स्वतःच आधाराभोवती पीळ घेत चढतो. त्यामुळे जाड खांबावर किंवा सपाट जाळीवर आडवा पसरण्यापेक्षा उभ्या सुतळीवर तो चटकन जातो. जमिनीत काठी रोवून वरच्या तारेपर्यंत सुतळी ताणा, प्रत्येक वेलाला एक. वर साडेपाच-सहा फुटांवर बांबू किंवा तारेचा चौक बांधा. त्याहून उंच गेलात तर शेंगा तोडायला शिडी लागेल आणि वरच्या शेंगा जून होऊन वाया जातील. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलांचे तुरे या फांद्यांवरच लागतात.

सुतळी चांगल्या प्रतीची घ्या. शेंगांनी लगडलेला, दवाने ओला झालेला वेल बराच जड होतो.

९. पाणी किती घालू?

मातीत बोट खुपसून दोन पेरं कोरडी लागली की घाला. वाल दुष्काळ सोसतो, तुंबलेलं पाणी सोसत नाही. एकाच काळात हात आखडता घेऊ नका: कळ्या दिसल्यापासून शेंगा भरेपर्यंत. तेव्हा माती एकदा कडकडीत सुकली तरी तुरे झडतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन दिलंत तर हिवाळ्यात दिवसाआड पाणी भागतं.

१०. खत कोणतं?

लावताना चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कुंडीत मातीच्या चौथ्या हिश्श्याएवढं. सोबत मूठभर निंबोळी पेंड. कळ्या दिसू लागल्या की बुंध्यापासून थोडं लांब दोन चमचे लाकडाची राख मिसळा. संपलं. युरिया नको, आणि दर आठवड्याला जीवामृत किंवा शेणाची स्लरी ओतणंही नको. वाल स्वतःचा नत्र (नायट्रोजन) मुळांवरच्या गाठींमधल्या जीवाणूंकडून मिळवतो. वरून आणखी नत्र मिळाला की तो पानांवर उधळतो आणि फुलं विसरतो.

११. वेल गच्च वाढलाय, मांडव भरलाय, चार महिने झाले, एकही फूल नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. गावठी वाल लहान दिवसाचं झाड आहे. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय ते कळी धरत नाही. आपल्या अक्षांशावर जूनच्या शेवटी दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अकरा तासांवर येतो. सप्टेंबरअखेर दिवस-रात्र समान होतात, तिथून पुढे रात्र मोठी होत जाते, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेलाच्या पानांच्या बेचक्यांतून तुरे निघू लागतात. काही जाती दसऱ्याच्या आसपास फुलतात, काही दिवाळीनंतर, काही कडाक्याची थंडी पडल्यावरच. जूनमध्ये पेरलेल्या वेलाने चार महिने नुसती पानं काढली तर तो त्याच्या घड्याळाप्रमाणेच चालला आहे.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आज तारीख काय? ऑक्टोबर उजाडला नसेल तर वेलाला हात लावू नका. लोक याच काळात घाबरून खत घालतात, संप्रेरकाची फवारणी करतात, आणि शेवटी वेल उपटून टाकतात. कधी कधी कळ्या यायच्या पंधरा दिवस आधी. अशा उपटलेल्या वेलांचे फोटो मला दरवर्षी येतात आणि दरवर्षी वाईट वाटतं.

नोव्हेंबरचा मध्य उलटला आणि तरी फूल नाही, मग मात्र कारण शोधा. पहिलं कारण नत्र: पानं काळपट हिरवी, मोठी, लुसलुशीत असतील तर खत पूर्ण थांबवा, पाणी थोडं कमी करा, शेंडे खुडा आणि आतली दाट पानं थोडी विरळ करा. दुसरं कारण सावली. प्रश्न ६ पाहा. तिसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: रात्रीचा उजेड. रस्त्यावरचा दिवा, सोसायटीचा हॅलोजन किंवा गच्चीवर रात्रभर जळणारा बल्ब थेट वेलावर पडत असेल तर झाडाला रात्र लांब झाल्याचं कळत नाही आणि फुलं लांबू शकतात. वेलाचा अंधारातला भाग फुललाय आणि दिव्याखालचा भाग नुसता हिरवा आहे, असं दिसलं तर दिवा बंद करा किंवा आडोसा करा.

आणि जर तुम्ही गावठी वेलाचं बी जानेवारी-फेब्रुवारीत पेरलं असेल तर दिवस आता मोठे होत जाणार आहेत. तो वेल पुढच्या हिवाळ्यापर्यंत बहुधा थांबेल. उन्हाळ्यात शेंगा हव्या असतील तर प्रश्न ४ मधल्या झुडपी जाती लावा.

१२. फुलं भरपूर येतात, पण शेंग न धरता गळतात.

थोडी गळ ठरलेलीच आहे. तुऱ्यातल्या सगळ्या फुलांच्या शेंगा होत नाहीत. अख्खे तुरेच रिकामे राहत असतील तर ऑक्टोबरचा उकाडा, अवकाळी पाऊस, माती सुकणं किंवा जास्तीचा नत्र यांपैकी काहीतरी आहे. ऑक्टोबर हिटमध्ये गळलेल्या पहिल्या तुऱ्यांचं दुःख करू नका, रात्री गार झाल्या की पुढचे तुरे धरतात. कळ्या एकमेकींना जाळ्याने चिकटलेल्या दिसल्या तर मात्र आत अळी आहे, प्रश्न १५ पाहा. परागीकरणासाठी हाताने ब्रश फिरवायची गरज नाही. वालाचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं.

१३. शेंडे आणि कोवळ्या शेंगा काळ्या किड्यांनी भरल्यात, मुंग्याही आहेत.

हा मावा. वालाचा सगळ्यात चिकाटीचा पाहुणा, विशेषतः ढगाळ थंड हवेत. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या गोडीसाठी मुंग्या त्याला सांभाळतात. आधी सर्वाधिक भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी वेलावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, हे तीन दिवस लागोपाठ. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी नीट घुसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूने. दिवसा फवारू नका. फुलांवर मधमाश्या आणि काळे भुंगे असतात. लेडीबर्डचे लाल-नारिंगी किडे किंवा त्यांच्या करड्या, लांबट, काटेरी अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा. त्या अळ्या मावा खातात. पुष्कळजण त्यांनाच कीड समजून चिरडतात.

१४. खोडावर हिरवट-पिवळे गोल किडे थव्याने बसलेत, हात लावला की घाण वास येतो.

ढेकण्या. वालावरच जास्त दिसतो. सकाळी गारठ्यात तो सुस्त असतो, तेव्हा खाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरून फांदी झटका. चार-पाच सकाळी केलं की संख्या आटोक्यात येते. औषधापेक्षा हे खात्रीचं.

१५. शेंगेला भोक आहे आणि आत अळी.

शेंगा पोखरणारी अळी. भोक पडलेल्या शेंगा आणि जाळं झालेले तुरे रोज खुडून बंद पिशवीत टाका, कंपोस्टमध्ये नको. कळ्या दिसू लागताच आठ-दहा दिवसांच्या अंतराने पाच टक्के निंबोळी अर्क फवारला तर अंडी घालणं कमी होतं. अळी एकदा शेंगेत शिरली की कोणतीच फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून इथे नजर हेच मोठं काम.

१६. पानांवर पांढरी भुकटी आहे. दुसऱ्या वेलाची पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची. दोन्हीला एकच औषध?

नाही. पांढरी भुकटी म्हणजे भुरी. खालची पानं काढा, वेल विरळ करा आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा. भर उन्हात नको, आणि निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर निदान दोन आठवडे नको, नाहीतर पानं भाजतात. पिवळे-हिरवे चट्टे आणि आक्रसलेली पानं म्हणजे विषाणू. तो बहुधा पांढरी माशी आणते. त्याला औषध नाही. तो वेल आजच उपटा, म्हणजे शेजारचा वाचेल.

१७. वेल उपटला तर मुळांवर गाठी दिसल्या. रोग होता का?

गाठ नखाने सहज निघून आली आणि फोडल्यावर आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र मिळवून देणाऱ्या जीवाणूंची, अगदी हवीहवीशी. ती मातीत परत जाऊ द्या. पण मूळच जागोजागी फुगून वेडंवाकडं झालं असेल आणि गाठ वेगळी निघत नसेल तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा सूक्ष्म कृमी. अशा वाफ्यात पुढच्या हंगामात झेंडू लावा, वांगी-टोमॅटो नको.

१८. शेंगा कधी तोडायच्या?

काय करायचंय त्यावर. शेंगेची भाजी हवी तर शेंग चपटी असताना, दाण्याचा फुगवटा दिसायच्या आधी. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. पावट्याचे दाणे हवेत तर फुगवटा पूर्ण भरला पण साल अजून हिरवी आहे तेव्हा. सुके वाल हवेत तर शेंग वेलावरच वाळून खुळखुळू द्या. भाजीच्या वेलावर तीन-चार दिवसांनी फेरी मारा. चार शेंगा जून व्हायला सोडल्या की वेल आपलं बळ त्यांच्याकडे वळवतो आणि नवे तुरे मंदावतात. म्हणून बियाण्यासाठी वेगळा वेल राखा.

तोडताना हाताला चिकट, उग्र वास लागतो. शेंगेच्या अंगावरच्या तेलकट ग्रंथींचा तो वास आहे, रोग नव्हे. थंडीत तो वाढतो असा जाणत्यांचा अनुभव, आणि हिवाळ्यातला पावटा शिजताना घरभर जो दरवळ सुटतो तो याचाच. पहिल्या पावसाच्या किंवा उन्हाळ्याच्या शेंगेला तो तितका येत नाही.

१९. पुढच्या वर्षासाठी बी ठेवलं तर किडा लागून पीठ होतं.

भुंगेरा बहुतेकदा शेतातूनच, वाळत्या शेंगेवर अंडी घेऊन घरात येतो. त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी किडा आतूनच निघतो. शेंगा सोलून दाणे तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, थंड होऊ द्या, मग हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर पाणी सुटतं. मग काचेच्या बरणीत, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून. राखेत बी ठेवण्याची पद्धत जुनी आहे आणि उत्तम चालते. बरणीवर जात, गाव आणि वर्ष लिहा.

हे कष्ट घेण्यासारखे आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी प्रकार असेच घरात जपले, वाटले, पुन्हा पेरले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या आजीच्या गावचा वाल दुसऱ्या कोणाकडे असेलच असं नाही.

२०. जांभळ्या आणि हिरव्या शेंगेचे वेल शेजारी लावले तर बी मिसळेल का?

थोडंफार मिसळू शकतं. फूल मुख्यतः स्वतःच फळतं, तरी भुंगे अधूनमधून पराग नेतात. खाण्यासाठी लावत असाल तर काहीच फरक पडत नाही, त्या वर्षीची शेंग तशीच येते. बियाणं राखायचं असेल तर दोन वेल बागेच्या दोन टोकांना ठेवा. नाहीतर काही तुरे फुलायच्या आधी तलम कापडाच्या पिशवीत बांधा आणि त्याच शेंगांचं बी घ्या. पुढच्या वर्षी वेगळ्या रंगाचं खोड निघालं तर ते रोप बाजूला करा.

२१. मार्चमध्ये वेल वाळायला लागला. उपटू का?

झुडपी असेल तर खोड जमिनीलगत कापा, मूळ मातीत राहू द्या. गावठी वेल मात्र दोन-तीन वर्षं जगू शकतो. बुंधा निरोगी असेल तर जमिनीपासून दीड फुटावर छाटा, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी द्या, पावसाच्या तोंडावर शेणखत द्या. तो पुन्हा फुटेल. जमिनीत हे छान जमतं. कुंडीत दुसऱ्या वर्षी उत्पन्न बरंच घटतं, तिथे नवीन बी लावणं बरं. विषाणू झालेला वेल कधीच राखू नका.

२२. वाल कच्चे खाल्ले तर विषारी असतात का?

सुके दाणे कच्चे खाऊ नयेत. त्यात सायनाइड सुटू शकणारे घटक आणि प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, गडद रंगाच्या दाण्यांत विशेष जपावं. आपली घरची रीत यावर चोख उतारा आहे: रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचं, मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून साल काढायची आणि मऊ शिजवायचे. भिजवलेलं पाणी पौष्टिक म्हणून आमटीत घालण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो वालासाठी पाळू नका. कोवळी शेंगही शिजवूनच खा.

२३. मुलाला जी६पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता आहे. डॉक्टरांनी 'ब्रॉड बीन्स' बंद सांगितले. घरचा पावटा चालेल?

रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा तो त्रास बाकल्यामुळे होतो (प्रश्न २). वाल-पावटा ही वेगळी वनस्पती आहे. तरीही नावांचा गोंधळ मोठा असल्यामुळे शेंग आणि दाणा डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या होकारानंतरच मुलाला द्या. बाजारातल्या फरसाणात आणि परदेशी पाकिटांत बाकल्याचे दाणे असू शकतात, तिथे घटकांची यादी वाचा.

२४. घरच्या शेंगांची पोपटी करायची आहे. कोणता वाल लावू?

रायगडकडची पोपटी, म्हणजे मडक्यात पाल्यासोबत भाजलेल्या शेंगा, दाणा भरलेल्या हिरव्या गावठी वालाची. वालपापडीची पातळ शेंग मडक्यात नुसती सुकते. एक-दोन वेलांवर एका वेळी पुरेशा शेंगा मिळत नाहीत. निदान एक छोटा वाफा नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदम पेरा म्हणजे दाणे एकदम भरतील. भांबुर्डीचा पाला लागतो, तो हिवाळ्यात शेताच्या बांधावर आपोआप उगवतो. मडक्यात पाणी घालायचं नसतं, पाला आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. म्हणून शेंगा त्याच दिवशी तोडलेल्या हव्यात.

२५. आम्ही लंडनला राहतो. गावाहून आणलेला वाल इथे फुलतच नाही.

तिथे जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. दिवस बारा तासांवर येतो सप्टेंबरच्या शेवटी, आणि वेल कळी धरेपर्यंत थंडी दाराशी येते. गावठी वेल तिथे नुसती शोभा देईल. झुडपी, दिवसाची लांबी न मोजणारी जात मे महिन्यात घरात रुजवून काचघरात वाढवली तर काही शेंगा मिळतात. माझा सल्ला वेगळा: तिथे बाकला लावा, ती त्याचीच हवा आहे. 'अक्वाडुल्स क्लॉडिया' ही काटक जात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरता येते, बाकीच्या फेब्रुवारी ते एप्रिल. खालच्या शेंगा धरू लागल्या की शेंडा खुडा, काळा मावा कमी येतो. दाणा सोलून वरची जाड सालही काढलीत तर खोबरं, कोकम आणि जिऱ्याच्या वाटणात त्याचं बिरडं चांगलं होतं. कडवटपणा मात्र येणार नाही, त्यासाठी सुके कडवे वाल गावाहून न्यावेच लागतील. नेण्याआधी बी-धान्याबद्दलचे त्या देशाचे नियम पाहा.

ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी: ऋतू उलटे आहेत, तेव्हा गावठी वेल एप्रिलनंतर कळी धरेल. ब्रिस्बेनच्या बाजूला हे जमण्यासारखं आहे. मेलबर्नला त्या वेळी थंडी फार, तिथेही बाकला बरा.